निर्मलाबाई आणि पाचावर एक बांगडी

निर्मलाबाईंची आणि माझी पहिली ओळख झाली तेव्हा त्यांचा उजवा हात माझ्या मुठीत होता आणि त्या माझी चूक काढत होत्या. हात मुठीत होता, कारण मी वाईच्या आठवडा बाजारात बसून बायकांना बांगड्या भरते. चूक काढत होत्या, कारण त्या गणिताच्या शिक्षिका आहेत. दोघी आपापल्या धंद्याला धरून होतो.

बाईंना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी हा गौरवग्रंथ काढायचं मनावर घेतलं आहे. त्यातल्या दोघी घरी येऊन म्हणाल्या, "आक्का, तुम्हीपण लिहा." मला अक्षर येत नाही हे त्यांना माहीत होतं, तरी म्हणाल्या. म्हणून मी बोलते आहे आणि माझी सून सुरेखा लिहिते आहे. मी 'हाय' म्हणते, ती 'आहे' लिहिते. मी 'लय' म्हटलं की तिची लेखणी थांबते आणि 'फार' लिहून पुढं जाते. कुणी कुणाला बोललेलं तेवढं मात्र जसंच्या तसं ठेवते. तिला तो अधिकार कसा मिळाला, तेच मला सांगायचं आहे.

तर त्या दिवशी. सणाचा बाजार होता. शेजारच्या दुकानांनी पाट्या लावल्या होत्या म्हणून मीही रंगाऱ्याकडून एक रंगवून घेतली होती. वाचता येत नसली तरी काय रंगवायचं ते मीच सांगितलं होतं : वीस टक्के सूट. बाई आल्या, समोर बसल्या, हिरव्या बांगड्या निवडल्या आणि पाटीकडं बघत हळूच म्हणाल्या, "आक्का, ही वीस टक्के सूट देता कशी?"

"पाचावर एक," मी म्हटलं. "पाचाचे पैसे, सहा बांगड्या. दहाच्या पैशात डझन. शंभराला वीस बसतंय का न्हाई?"

बाईंनी चादरीवर सहा बांगड्या ओळीनं मांडल्या. "ह्यातली फुकट किती?"

"एक."

"कितीतली एक?"

मी "पाचा–" म्हणून तोंड उघडलं आणि समोर बघितलं, तर सहा. "सहातली," मी म्हटलं.

"मग सहातली एक म्हणजे वीस टक्के झाली का?"

"आवं बाई, तुमी बांगड्या भरायला आलाय का भांडायला?"

"दोन्हीला. हात मोकळा आहे तोवर भांडून घेते."

मी लगेच हात मुठीत घेतला आणि मुद्दाम एक माप लहान बांगडी चढवायला लागले. अंगठ्याच्या मुळाशी बांगडी आली की भल्याभल्यांची बोलती बंद होते. बाईंची झाली नाही. डोळे मिटून, ओठ आवळून त्या म्हणाल्या, "वीस टक्के सूट म्हणजे हातात आलेल्या पाचातली एक फुकट. पैसे चाराचे. तुमचं चारावर एक पाहिजे, आक्का. पाचावर एक नव्हे."

आता ह्यातली गोष्ट अशी, की बाजारात चाळीस बायका होत्या, आणि ही एवढी तक्रार बाईंनी माझ्या कानाशी केली. शेजारच्या गिऱ्हाइकालाही ऐकू गेली नाही. त्यांनी ती मोठ्यानं केली असती तर त्या दिवसापासून मी खोट्या पाटीची कासारीण झाले असते. मी कुणाला जाणूनबुजून फसवलं नव्हतं. माझ्या सासूबाई वर एक घालायच्या, म्हणून मी घालत होते, आणि टक्के मोजताना वरची सोडून खालच्या पाचच धरत होते. सहा बांगड्या घालून बाई गेल्या. शरमेनं पैसे मी चाराचेच मागितले, तर म्हणाल्या, "आज पाचाचेच घ्या. नवा भाव पुढच्या बाजारापासून." पुढच्या बाजारी मी चारावर एक दिली. पाटी तीच राहिली, पण तिच्याखाली बसताना मान ताठ झाली.

बाईंच्या कामाबद्दल ह्या ग्रंथात मोठी माणसं लिहितीलच. मी मला दिसलं तेवढं सांगते. त्या हायस्कुलात शिकवायच्या आणि शाळा सुटल्यावर घाटाजवळच्या आपल्या घरी बायकांना गणित सांगायच्या. ज्यांची शाळा कधी काळी सुटली आणि ज्यांना बाहेरून दहावीला बसायचं आहे, अशा बायका. फी विचारली की बाई म्हणायच्या, "वही आणा आणि चुका आणा." बाईंच्या हातात कायम काचेच्या बांगड्या. फळ्यावर लिहू लागल्या की बांगड्या वाजायच्या. त्यांच्या मुली सांगतात, पाठमोऱ्या बाई गुणाकार करतात की भागाकार, ते नुसत्या आवाजावरून कळायचं. खडूची पूड बांगड्यांत बसून हिरव्याच्या पांढऱ्या व्हायच्या. माझ्या मालाची अशी विटंबना दुसऱ्या कुणी केली असती तर मी बोलले असते.

माझी सून त्या वर्गात कशी गेली ते आता सांगते, आणि ह्यात माझी बाजू चांगली नाही. सुरेखानं माहेरी धाकट्या भावंडांपायी नववीतून शाळा सोडली होती. लग्न ठरताना तिनं एकच गोष्ट विचारली, "मला दहावी करायची आहे, चालेल का?" मी म्हटलं, "बघू." माझा मुलगा फौजेत, वर्षातून दोनदा घरी. शेत, दुकान, दोन लेकरं सगळं ह्या पोरीच्या अंगावर. माझं ते 'बघू' अकरा वर्षं चाललं.

मग गावात अंगणवाडीची जागा निघणार असं कळलं. दहावी पास पाहिजे आणि वयाची अट. सुरेखानं मला न विचारता सतरा नंबरचा फॉर्म भरला, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा. पहिल्या खेपेला सगळे विषय निघाले, गणित राहिलं. दुसऱ्या खेपेलाही गणित राहिलं. तिसरी खेप मार्चात होती, आणि तिच्यानंतर सुरेखाचं वय अटीबाहेर जात होतं. ती पोर भाकरी थापताना तोंडातल्या तोंडात आकडे पुटपुटायची आणि मी आले की गप्प व्हायची. मला ते गप्प होणं बोचलं. एका बाजारी बाई नवीन बांगड्या घ्यायला आल्या तेव्हा मी म्हटलं, "बाई, माझी चूक फुकटात काढलीत, आता माझ्या सुनेच्या काढा."

सून कुठं जाते, काय करते, ते बघायला मीही पाठोपाठ गेले. पावट्याच्या शेंगा घेऊन बाईंच्या ओसरीवर सोलत बसले. बाईंनी फळ्यावर एक फुली काढली आणि म्हणाल्या, "एका वस्तूची किंमत एक्स रुपये आहे. तिच्यावर वीस टक्के सूट आहे. सूट जाऊन किंमत किती, ते लिही."

सुरेखानं लिहिलं. दोन परीक्षांत तेच लिहून आली होती : x – २०.

बाईंनी ते पुसलं नाही, चूक म्हटलं नाही. ओसरीकडं वळून मला म्हणाल्या, "आक्का, सुरेखा म्हणते, किंमत कितीही असू दे, तिच्यातून वीस रुपये काढायचे. तुमच्याकडं दहा रुपयांच्या पोरींच्या बांगड्या आहेत ना? त्यांना हे लावून बघा."

मी शेंग हातात धरून हिशोब केला. "दहातनं वीस? म्हंजी बांगड्या बी द्यायच्या आन् वर दहा रुपये बी द्यायचे? आगं सुरेखा, असलं दुकान लय चालंल गं! मीच गिऱ्हाईक म्हणून येते!"

सगळा वर्ग हसला. सुरेखाही हसली. मला वाटतं, त्या विषयात ती पहिल्यांदाच हसली असेल. मग म्हणाली, "शंभराला तर बरोबर येत होतं की."

"शंभरालाच येतं," बाई म्हणाल्या. "एरवी नाही."

"पण बाई," सुरेखा रडकुंडीला आली होती, "किंमतच ठाऊक नाही तर सूट काढू कशातनं?"

बाईंची एक खोड आहे. त्यांना उत्तर येत असतं आणि त्या ते सांगत नाहीत. खडू हातात धरून थांबतात. समोरचं माणूस गुदमरलं तरी थांबतात. मी कासारीण, मला थांबवत नाही. मी म्हटलं, "आगं, मी पन्नास वर्सं तुझ्या सासऱ्यांना 'हे' म्हणतीया. नाव घेतलंय का कवा? परवा म्हटलं न्हवं, ह्यांचं अर्धं डोकं दुखतंय? कुणाचं अर्धं डोकं ते तुला कळलं का न्हाई? बाम आणलास का न्हाई?"

"आणला."

"मग! अर्धं डोकं दुखायला नाव लागतंय व्हय?"

बाईंच्या हातातला खडू पडला. इतक्या हसल्या की फळ्याला टेकल्या आणि सगळी पाठ पांढरी झाली. मग सुरेखाच्या हातात खडू देऊन म्हणाल्या, "लिही. नाव घ्यायचं नाही. ह्यांच्या शंभरातले वीस गेले. उरले किती?"

सुरेखानं लिहिलं, शंभरात ऐंशी, आणि त्याच्या शेजारी फुली. ८०x/१००. मला ते वाचता आलं नाही, पण तिचा चेहरा वाचता आला. तेव्हापासून बाईंच्या वर्गात एक्सला 'हे' म्हणतात. आमच्या ह्यांना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की वीस टक्के गेल्यावर चहा मिळेल का.

बाईंचा दुसरा गुण म्हणजे त्या खोटं समाधान करत नाहीत. एक दिवस त्यांनी घातलं, "आधी वीस टक्के सूट, मग आणखी दहा टक्के सूट. एकूण किती?" वर्गातल्या सगळ्या बायका म्हणाल्या तीस. मीही ओसरीवरून म्हटलं तीस. वीस आणि दहा तीस होत नाहीत, असं सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. बाईंनी माझ्या पेटीतल्या पन्नास बांगड्या मागून घेतल्या आणि सतरंजीवर मांडल्या. "वीस टक्के काढ." सुरेखानं दहा काढल्या, उरल्या चाळीस. "आता ह्यांच्यातून दहा टक्के." तिनं चार काढल्या, उरल्या छत्तीस. "आणि पन्नासातून एकदम तीस टक्के काढले असते तर?" पंधरा जाऊन पस्तीस.

"मग एक बांगडी जास्त आली कुठून?" बाईंनी विचारलं, आणि नेहमीप्रमाणं थांबल्या.

मी उठून पदर झटकला. सतरंजीखाली बघितलं. माझा माल, मी नाही बघणार तर कोण बघणार? बाई तशाच उभ्या. तास संपला तरी सांगितलं नाही. घरी येईपर्यंत मी त्यांना बोलत होते, "माणसाला असं अर्ध्यावर सोडत्यात व्हय?" दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखा पिठाचे हात घेऊन परड्यात धावत आली. "आत्याबाई, सापडली!"

"काय?"

"बांगडी! दुसरी सूट पन्नासावर न्हाईच, उरलेल्या चाळिसावर हाय. पन्नासावर असती तर पाच गेल्या असत्या. चारच गेल्या!"

मागं तव्यावर भाकरी करपत होती. अकरा वर्षांत त्या पोरीनं पहिल्यांदा भाकरी करपवली आणि मी पहिल्यांदा काही बोलले नाही.

परीक्षेचं केंद्र साताऱ्याला आलं होतं. सकाळच्या एसटीनं आम्ही निघालो, आणि बघते तर बाई स्टँडवर हजर. त्यांना त्या दिवशी शाळेला सुट्टी नव्हती. रजा टाकून आल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "साताऱ्यात थोडं काम आहे." काम म्हणजे शाळेच्या फाटकासमोर कडुनिंबाखाली माझ्याशेजारी बसणं. तोंडानं धीर देत होत्या आणि हातानं बांगड्या फिरवत होत्या. फिरवता फिरवता एक वाढली; बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं. त्यांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "गणिताच्या बाईंनी असलं मनात धरू नये," आणि पिशवीतून दुसरी काढून त्याच हातात भरली. त्या खेपेला माप बरोबर घेतलं.

त्या झाडाखाली मी बाईंना जे सांगितलं ते आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. म्हटलं, "बाई, आज ही पोर नापास झाली तर दोष तिचा न्हाई. माझा हाय. ती आली तवाच शिकवली असती तर कवाच पास झाली असती. अकरा वर्सं मी खाल्ली तिची."

मला वाटलं, बाई म्हणतील, छे छे, तसं नाही आक्का. बाई तसं म्हणाल्या नाहीत. मघाशी म्हटलं ना, त्या खोटं समाधान करत नाहीत. फाटकाकडं बघत म्हणाल्या, "अकरा गेली ती गेलीच. पण आक्का, पुढचं सगळं उरलेल्यावर मोजायचं असतं. पहिल्यावर नाही." एवढंच. त्यानंतर हा विषय त्यांनी कधी काढला नाही. माझ्यापुढं नाही, सुरेखापुढंही नाही. सुरेखाला तो आज, हे लिहिताना कळतो आहे. लेखणी थांबली आहे तिची. लिही गं पुढं.

घंटा झाली. बायका, पोरी बाहेर यायला लागल्या. सुरेखा शेवटी आली. तोंडावर काही दिसेना. बाई उभ्या राहिल्या, पण विचारायचा धीर होईना. शेवटी मीच म्हटलं, "काय गं, 'हे' आले होते का पेपरात?"

"आले होते," ती म्हणाली. "दोन सुटींचं गणित. आधी वीस, मग दहा."

"मग काय लिहिलंस?" बाईंचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"आधी सत्तर एक्स भागिले शंभर लिहिलं."

बाईंनी डोळे मिटले.

"मग वाटलं, एक बांगडी कुठं गेली. खोडलं, आणि बहात्तर लिहिलं."

बाई तिथंच फाटकाच्या पायरीवर बसल्या. चांगल्या इस्त्रीच्या पातळानिशी, धुळीत. आणि म्हणाल्या, "आक्का, पाणी असलं तर द्या." सबंध सकाळ मला धीर देणाऱ्या बाईंना मी पाणी पाजलं. परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसून वाईपर्यंत झोपल्या, तोंड उघडं टाकून. हे छापू नका असं सुरेखा म्हणते आहे. छापा. ज्या माणसाला दुसऱ्याच्या परीक्षेनं एवढा शीण येतो, त्याचा गौरव करायचा तर त्याची झोपही लिहिली पाहिजे.

निकाल लागला. गणितात पस्तीस पाहिजे होते, एक्केचाळीस पडले. सुरेखानं आकडा वाचून दाखवला. मी म्हटलं, परत वाच. तिनं परत वाचला. मी म्हटलं, आता बाईंच्या तोंडून ऐकू दे. बाईंनी वाचला तेव्हा कुठं माझ्या छातीवरचं ओझं उतरलं. माणसं म्हणतात, सून पास झाली, सासूला काय त्याचं? मला विचारा. अकरा वर्षं अडकलेली बांगडी मनगटावर एकदम सरकावी, तसं झालं. दुखरं सगळं मागं राहिलं, आणि हात हलवला तर किणकिण.

सुरेखाला अंगणवाडीची जागा मिळाली. आज ती गावातल्या पोरांना मोजायला शिकवते. मी दाराशी बसून बघते. एखादं पोर चुकलं की ती ते पुसत नाही, चूक म्हणत नाही. खडू हातात धरून थांबते. बाईंची ती खोड आता आमच्या घरातही शिरली आहे. सहा वर्षांच्या पोराला तिनं परवा इतका वेळ उत्तर सांगितलं नाही, की मलाच सांगावंसं वाटलं.

बाईंच्यात दोष नाहीत असं नाही. त्यांना घासाघीस करता येत नाही. भाजीवाल्यानं सांगितलेला भाव त्या देतात आणि घरी जाऊन त्याचे टक्के काढत बसतात. त्यांच्या हातचा चहा ज्यानं एकदा घेतला, तो दुसऱ्यांदा जाताना घरून पिऊन जातो. सहा-सात वर्षं झाली, त्यांनी मला अक्षर शिकवायचा चंगही बांधला होता. मी म्हटलं, बाई, एवढ्या वयात सगळी अक्षरं नकोत, तुमचं ते एकच द्या. मग त्यांनी माझा हात धरून ती फुली काढायला शिकवली. एक तिरकी रेघ, दुसरी तिला छेदून. हात माझा त्यांच्या मुठीत होता. पहिल्या भेटीची परतफेड झाली.

आता शेवटी आशीर्वाद द्यायचा असतो म्हणतात. मी वयानं मोठी, मला तो अधिकार आहे. मी सुरेखाला सांगितलं, लिही : देवानं निर्मलाबाईंच्या आयुष्यात कसलीही सूट देऊ नये, माझ्यासारखं वर घालावं. पाचावर एक. सुरेखानं तिथल्या तिथं हिशोब केला आणि म्हणाली, "आत्याबाई, साठावर बारा. बहात्तरच होतात."

मी म्हटलं, खोड ते. चारावर एक लिही.

"पंच्याहत्तर."

तेही खोड. एकावर एक लिही. म्हटलं तर एकशेवीस होतात, पण बाई म्हणतील हे जरा जास्तच सांगितलंत, आक्का. म्हणून आकडाच लिहू नको. किंमत न सांगता सूट देता येते, तसं वर्षं न मोजता आयुष्यही मागता येत असेल. हातपाय धड असावेत, मनगट मऊ राहावं, बांगडी सहज चढावी आणि फळ्यावरची किणकिण वाईच्या घाटापर्यंत ऐकू यावी. बाईंचं उरलेलं आयुष्य किती असावं, ते इथं लिहिलं आहे. आतापर्यंतची सगळी अक्षरं सुनेची. ही एक फुली मात्र मी माझ्या हातानं काढली आहे :

x